ऑफर संपली, तरी साइटवर ऑफरचाच दर? बिल्ड टूलला बदल कसा कळतो ते बघा



समजा, तुमचा फराळाचा ऑनलाइन व्यवसाय आहे. दिवाळीत ७५० रुपयांचा डबा तुम्ही ६०० ला दिला. ऑफर संपल्यावर डेव्हलपरने बॅकअपमधली जुनी दरांची फाइल परत जागेवर ठेवली, पॅकेज पुन्हा बनवलं आणि साइटवर चढवलं. बिल्ड सक्सेसफुल असा मेसेजही आला. पण ग्राहकाला दर दिसतोय ६०० च! म्हणजे प्रत्येक डब्यामागे १५० रुपये जातायत. असं का होतं?

वेब ॲप्लिकेशनमध्ये शेकडो फाइल्स असतात. एक ओळ बदलली म्हणून सगळं पहिल्यापासून बनवत बसलं तर वेळ जातो. म्हणून बिल्ड टूल आधी बघतं, की मागच्या वेळेनंतर काय बदललं. हे ओळखायच्या मुख्य पद्धती दोन.

१. तारीख आणि वेळ
१९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी बनवलेलं 'मेक' हे टूल असंच चालतं. मूळ फाइल तयार मालापेक्षा नवी असेल तर माल पुन्हा बनवायचा, नाहीतर सोडून द्यायचं. काम झटपट होतं, पण फाइलच्या आत काय लिहिलंय ते टूल बघतच नाही. आपला घोटाळा इथेच होऊ शकतो. बॅकअपमधून आणलेल्या फाइलवर जुनीच तारीख राहिली, तर ती आधीच्या पॅकेजपेक्षा जुनी ठरते. टूल म्हणतं, काही बदललेलं नाही!

२. मजकुराचा ठसा, म्हणजे हॅश
इथे फाइलमधल्या मजकुरावरून एक ठसा काढतात. एसएचए-२५६ या पद्धतीत फाइल केवढीही असो, ठसा ६४ अक्षरांचाच येतो. ७५० चं ७५१ केलंत तरी ठसा पार बदलतो. 'ग्रेडल' हे टूल असे ठसे जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी जुळवून बघतं. तारीख जुनी असली तरी बदललेला मजकूर पकडला जातो.

आता तुमच्या डेव्हलपरला तीन गोष्टी सांगून ठेवा:

- बॅकअपमधून फाइल आणली, की आधीचा तयार माल पुसूनच बिल्ड करायचं. 'मेव्हन'मध्ये आधी क्लीन, मग पॅकेज. काढून टाकलेल्या फाइल्सची जुनी प्रतही त्यामुळे मागे राहत नाही.
- ग्राहकाचा ब्राउझरसुद्धा जुनी फाइल साठवून ठेवतो. 'वेबपॅक'सारखं टूल फाइलच्या नावातच ठसा घालू शकतं. मजकूर बदलला की नाव बदलतं आणि ब्राउझर नवी फाइल आणतो.
- साइट चढवल्यावर दुसऱ्या मोबाइलवरून एक डबा कार्टमध्ये टाकून दर बघायचा.

हे तिसरं काम तर तुम्ही स्वतःच करा. बिल्ड सक्सेसफुल झालं याचा अर्थ टूलने आपलं काम संपवलं, एवढाच. डब्याचा दर किती असायला हवा, हे त्याला कुठे माहीत असतं? ते मालकालाच माहीत!

तुमच्या साइटवर असं कधी झालंय का? कमेंटमध्ये नक्की सांगा.