कामाचेही व्यसन जडते

दारूचे व्यसन साऱ्या गावाला दिसते. कामाचे व्यसन जडलेल्या माणसाचे मात्र गाव कौतुकच करते. ‘उद्योगाचे घरी रिद्धी-सिद्धी पाणी भरी’ ही म्हण काही खोटी नाही. भाताची लावणी, सुगी, ऊसतोड हे दिवस अंग राखण्याचे नव्हेत. पण हंगाम सरल्यावरही ज्याचा हात थांबत नाही, त्याने विचार करावा. वेन ओट्स या अमेरिकन धर्मोपदेशक प्राध्यापकांनी १९७१ साली या विषयावर पुस्तक लिहिले आणि अतिकामाची तुलना दारूच्या व्यसनाशी केली.

हे व्यसन ओळखावे कसे? घटकाभर बसले की अपराधी वाटते. जेवताना मन बांधावर असते. मुलगा किंवा गडी काम करू लागला तर पटत नाही, पुन्हा आपणच करावेसे वाटते. घरच्यांवर विनाकारण चिडचिड होते. अंग दमलेले असूनही झोप लागत नाही. दुखणे अंगावर काढले जाते. यांपैकी तीन-चार गोष्टी नेहमीच्याच झाल्या असतील, तर सावध व्हावे.

जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली अतिकामाचे परिणाम प्रसिद्ध केले. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. आता आपला हिशेब करा. सातही दिवस आठ-आठ तास राबले की ५६ तास भरतात. रविवार सोडला की ४८ होतात!

म्हणूनच देवाची तिसरी आज्ञा आपल्या हिताची आहे. निर्गमाच्या पुस्तकात ती आज्ञा देताना मुलगा, मुलगी, दास, दासी आणि गुरेढोरे यांचाही उल्लेख आहे. धन्याने विसावा घ्यायचा आणि घरधनिणीने दुप्पट रांधायचे, असा रविवार त्या आज्ञेत बसत नाही. धार काढणे, वैरण घालणे ही कामे अर्थातच टळत नाहीत. विहिरीत पडलेल्या बैलाला शब्बाथ दिवशीही बाहेर काढावे लागते, हे प्रभू येशूनेच दाखवून दिले. शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर स्वतः नांगरकरी होते. कामाला जाण्यापूर्वी ते मिस्साला जात, अशी परंपरा सांगते.

उपाय साधे आहेत. सकाळीच दिवसाची कामे ठरवावीत आणि दिवेलागणीनंतर अवजाराला हात लावू नये. भर उन्हात सावलीला बसावे. जेवण सर्वांबरोबर घ्यावे. एखादे काम मुलावर पूर्णपणे सोपवून पाहावे. वर्षातून एकदा तरी रक्तदाब तपासून घ्यावा.

पुष्कळदा या धावपळीमागे कर्जाची धास्ती किंवा एखादे दुःख दडलेले असते. मग नुसती विश्रांती पुरत नाही. घरच्यांशी किंवा आपल्या फादरांशी मोकळेपणी बोलावे. मन खचले असेल तर डॉक्टरांना भेटावे. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

सहा दिवस मनापासून राबावे आणि सातवा दिवस देवाला, घराला व स्वतःच्या शरीराला द्यावा. शेत आपल्यासाठी आहे. आपण शेतासाठी नाही.