मुलांची माहिती, पालकांचे हक्क

शहापूर-मुरबाडच्या जिल्हा परिषद शाळेत वा आश्रमशाळेत मुलाचे नाव घातले, की जन्मतारीख, जात, आधार क्रमांक हा तपशील जनरल रजिस्टरपुरता राहत नाही. तो शासनाच्या पोर्टलवरही जातो. पालकांनी हे लक्षात ठेवावे :

■ प्रवेश : आधार नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही (सर्वोच्च न्यायालय, २६ सप्टेंबर २०१८). मुलाच्या आधार नोंदणीला पालकांची संमती लागते.

■ 'अपार' : विद्यार्थ्याचा हा १२ अंकी क्रमांक ऐच्छिक आहे. संमतिपत्र वाचून, नसेल येत तर वाचून घेऊन मगच सही-अंगठा करावा. दिलेली संमती मागे घेता येते.

■ याद्या : आधार क्रमांकांसह यादी फलकावर किंवा व्हॉट्सॲप गटावर टाकणे आधार कायद्याच्या कलम २९ च्या विरुद्ध आहे.

■ नवा कायदा : डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक आहे, उल्लंघनास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले; संमतीची तरतूद त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होते.

■ दाद कुठे? आधी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती. तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. पुढे केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी. शासकीय आश्रमशाळेसाठी शहापूरचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय. तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी.