शोलावरम : उसन्या धावपट्टीवरचा वेग

वाशिम जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. मग वेगाची हौस भागवावी कोठे? हा प्रश्न जुनाच आहे. चेन्नईच्या उत्तरेस शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांसाठी धावपट्टी बांधण्यात आली. युद्धानंतर, १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तेथे शर्यती भरविल्या. लांब, सपाट आणि रहदारी नसलेली अशी जागा अन्यत्र मिळणे कठीण होते. मुंबईत जुहूच्या धावपट्टीवरही याच कारणाने मोटारी धावल्या.

मात्र विमानाला सरळ पट्टी पुरते, शर्यतीला वळणे लागतात. सरळ रेषेत गाठलेला वेग वळणावर एकदम आवरावा लागे. गाडी घसरलीच, तर तिला थोपविणारी मोकळी जागा आणि प्रेक्षकांसाठी भक्कम कठडे हवेत. उसन्या जागेवर अशी कायमस्वरूपी व्यवस्था करणे अवघड होते. अखेर क्लबने श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे स्वतःचा शर्यतमार्ग उभारला. १९९० मध्ये तो सुरू झाला आणि शोलावरमचे पर्व मागे पडले. शर्यतीचा वेग शर्यतमार्गावरच शोभतो, महामार्गावर नव्हे, हाच या इतिहासाचा धडा आहे.