'स्नॅपशॉट फार जुना झाला'

सगळ्या खात्यांची बेरीज करणारा बँकेचा अहवाल रात्री अकराला सुरू झाला, तरी लोकांचे व्यवहार थांबत नाहीत. एक खातं मोजून झाल्यावर त्यातले हजार रुपये न मोजलेल्या खात्यात गेले, तर तेच पैसे दोनदा धरले जाणार. म्हणून डेटाबेस अहवालाला अकराच्या ठोक्याचीच स्थिती दाखवत राहतो. हा स्नॅपशॉट. त्यासाठी सगळ्या डेटाची नक्कल काढत नाहीत. जी नोंद बदलली, तिचं जुनं रूप तेवढं ठेवतात.

पण किती वेळ? ओरॅकल हा डेटाबेस ही जुनी रूपं 'अनडू' नावाच्या वेगळ्या जागेत ठेवतो. ती ठेवण्याची मूळ मुदत ९०० सेकंदांची. जागा कमी पडली की जुन्यावर नवं लिहिलं जातं. पहाटे तीनला अहवालाला नेमकी पुसलेलीच नोंद हवी असते आणि पडद्यावर येतं: 'ओआरए-०१५५५, स्नॅपशॉट टू ओल्ड'. चार तास पाण्यात! डेटाबेस सांभाळणारी डीबीए मंडळी या एररच्या नावाने बोटं मोडतात. मला तो प्रामाणिक वाटतो. चुकीची बेरीज बिनबोभाट हातात ठेवण्यापेक्षा नकार बरा.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसची तऱ्हा उलटी. तिथे जुनी रूपं टेबलातच राहतात आणि 'व्हॅक्यूम' नावाची सफाई ती झाडून काढते, पण कुणालाही ती लागणार नाहीत याची खात्री झाल्यावरच. कुणी 'बिगिन' लिहून व्यवहार उघडला, एक नोंद बदलली आणि 'कमिट' लिहून तो पक्का न करताच जेवायला गेला, की इतर टेबलांतलाही कचरा अडकतो. व्हॅक्यूमच्या लॉगमध्ये लाखो नोंदी 'मृत, पण अजून काढता येत नाहीत' अशा दिसतात. एरर कुठेच नाही. टेबल मात्र फुगत जातं. हे फारच लांबलं तर ३२ बिटांचे व्यवहार-क्रमांक संपत येतात आणि डेटाबेस नवं काही लिहूनच घेत नाही.

२०१६ मध्ये पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीने ओरॅकलसारखी मुदत घालून पाहिली: स्नॅपशॉट ठरावीक मिनिटांहून जुना झाला की एरर येऊ शकतो. पण त्या सोयीत वेगाच्या तक्रारी निघाल्या आणि उत्तरांच्या अचूकतेबद्दलही शंका आल्या. २०२४ च्या १७ व्या आवृत्तीतून ती काढून टाकली. योग्यच केलं, अचूकतेसाठीच्या यंत्रणेवर शंका घ्यावी लागली तर ती हवी कशाला?

आता व्यवहार उघडा टाकून गेलेल्याचं कनेक्शनच तोडणारा टाइमआउट आहे, आणि १७ व्या आवृत्तीपासून अख्ख्या व्यवहारालाही मुदत घालता येते. रात्रीच्या अहवालाला तासांची, वेबसाइटला सेकंदांची, अशी वापरकर्त्याच्या रोलप्रमाणे वेगवेगळी. मुळात दोन्ही शून्यावर, म्हणजे बंद असतात.