पन्नास डॉलरचा ड्रम

१८६९ सालच्या ऑक्टोबर महिन्याची २८ तारीख. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात, किंग्जव्हिल गावाजवळ लिओनिडस हॉर्न्सबी नावाच्या शेतकऱ्याच्या अंगणात रात्री एक कुत्रा शिरला. हॉर्न्सबीची शंभरावर मेंढरं कुत्र्यांनी मारली होती, आणि माझ्या हद्दीत येणारा पुढचा कुत्रा जिवंत परत जाणार नाही, असं तो बोलून बसला होता. घरातल्या डिक फर्ग्युसन नावाच्या पोराला त्यानं बंदूक चालवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी जवळच्या ओढ्याकाठी एक काळातांबूस शिकारी कुत्रा मरून पडलेला सापडला. त्याचं नाव ओल्ड ड्रम. तो चार्ल्स बर्डनचा लाडका कुत्रा होता. बर्डन हा हॉर्न्सबीचा शेजारी आणि मेहुणाही.

बर्डननं दावा लावला. मागणी होती ५० डॉलरची. बंदुकीत नुसते मक्याचे दाणे भरले होते, कुत्र्याला पळवून लावायचं होतं, असा बचाव पुढे आला. गावातल्या न्यायाधीशापुढे पहिल्या वेळी ज्यूरीचं एकमत झालं नाही. दुसऱ्या वेळी बर्डनला २५ डॉलर मिळाले. हॉर्न्सबी वॉरेन्सबर्गच्या वरच्या कोर्टात गेला आणि तिथे जिंकला. बर्डननं नवा पुरावा दाखवून फेरसुनावणी मिळवली. चौथी सुनावणी सप्टेंबर १८७० मध्ये झाली.

या सुनावणीला कोण कोण उभं होतं ते वाचलं की थक्क व्हायला होतं. उत्तर-दक्षिण यादवी युद्ध संपून जेमतेम पाच वर्षं झाली होती. बर्डनकडून जॉर्ज ग्रॅहम व्हेस्ट आणि जॉन फिलिप्स हे भागीदार वकील होते. व्हेस्ट युद्धात दक्षिणेच्या बाजूचा, दक्षिणेच्या संसदेत बसलेला. फिलिप्स उत्तरेचा कर्नल. हॉर्न्सबीकडून थॉमस क्रिटेंडन आणि फ्रान्सिस कॉकरेल, हेही भागीदार. क्रिटेंडन उत्तरेकडून लढला होता, कॉकरेल दक्षिणेचा सेनानी होता. काल एकमेकांवर तोफा डागणारी माणसं आज एकाच टेबलाशी बसून एका कुत्र्यासाठी भांडत होती. पुढे क्रिटेंडन मिसूरीचा गव्हर्नर झाला, व्हेस्ट आणि कॉकरेल कित्येक वर्षं अमेरिकेच्या सेनेटमध्ये बसले, फिलिप्स संघराज्याचा न्यायाधीश झाला. यलोस्टोनचं जंगल धंदेवाल्यांच्या हातात जाऊ नये म्हणून सेनेटमध्ये झगडणारा व्हेस्ट तो हाच.

शेवटी व्हेस्ट बोलायला उठला. त्या भाषणाचा जो भाग आज मिळतो तो नंतर आठवणीतून लिहून काढलेला आहे, आणि त्यात पुराव्याचा शब्दही नाही. गोळी कोणी झाडली, कुत्रा कुठे पडला, यातलं काहीच नाही. धनी श्रीमंत असो की भणंग, सगळे सोडून गेले तरी कुत्रा सोडून जात नाही, एवढंच तो सांगत राहिला. ज्यूरीनं ५० डॉलर दिले. हॉर्न्सबी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १८७२ मध्ये तिथेही निकाल कायम राहिला. वॉरेन्सबर्गच्या कोर्टासमोर १९५८ पासून ड्रमचा पुतळा आहे.

मला या खटल्याचं आश्चर्य वेगळ्याच कारणानं वाटतं. दीडशे वर्षं झाली, तरी शेजाऱ्यानं कुत्र्याला गोळी घातली तर घरच्यांना कायद्यानं काय मिळतं, या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेत आजही तिथेच घुटमळतं आहे जिथे त्या ज्यूरीच्या मनात घुटमळलं असेल. कायदा म्हणतो, कुत्रा ही वस्तू आहे. न्यायासनावरच्या माणसाला मात्र ठाऊक असतं की तसं नाही.

वस्तू असणं हीसुद्धा कुत्र्याची बढतीच म्हणायची. जुन्या इंग्लिश कायद्यात कुत्रा इतका हलका ऐवज मानला जाई की तो पळवणं ही चोरी ठरत नसे. हा विचार समुद्र ओलांडून अमेरिकेत गेला. न्यू ऑर्लिन्समध्ये रेल्वे कंपनीच्या गाडीखाली काउंटेस लोना नावाची न्यूफाउंडलंड कुत्री मेली, तो दावा १८९७ मध्ये थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला. कुत्र्यावरची मालकी अपुऱ्या दर्जाची आहे, राज्याला त्यावर हव्या त्या अटी घालता येतात, असं न्यायालयानं सांगितलं. लुइझियानाची अट होती की कुत्रा करपात्र मालमत्तेत नोंदलेला हवा. लोनाची नोंद नव्हती. दावा गेला.

वस्तू म्हटली की बाजारभाव आला. शेजाऱ्यानं गाडी फोडली तर तो दुरुस्तीचा खर्च किंवा गाडीची किंमत देतो. कुत्रा मारला तर कुत्र्याची किंमत देतो. पण रस्त्यावरून उचलून आणलेल्या, अकरा वर्षं घरात वाढलेल्या, एका डोळ्यानं अधू झालेल्या कुत्र्याला बाजारात कोण घेणार? कायद्याच्या हिशोबात तो जवळपास फुकट ठरतो. या फटीतून वाट काढताना न्यायाधीशांनी जी धडपड केली आहे ती वाचताना जीव हलतो. टेक्सासमधलं १८९१ सालचं एक प्रकरण पाहा. तीन न्यूफाउंडलंड कुत्र्यांना कोणीतरी विष घातलं होतं. त्यातला एक कुत्रा येणारा माणूस पुरुष आहे, बाई आहे की मूल, हे वेगवेगळ्या भुंकण्यानं घरच्यांना कळवायचा. बाजारात त्यांना प्रत्येकी पाच डॉलर मिळाले असते. न्यायालयानं कुत्र्याचं काम, त्याची उपयुक्तता मोजायला परवानगी दिली आणि तिघांचे मिळून ७५ डॉलर मंजूर केले. भुंकण्यातला हा फरक सरकारी निकालपत्रात नोंदला गेला, याचा मला मनापासून आनंद होतो.

पण उपयोग मोजता येतो, जिव्हाळा मोजू देत नाहीत. त्याच टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये एव्हरी नावाच्या कुत्र्याच्या प्रकरणात तेच ठरवलं. फोर्ट वर्थमधल्या पालिकेच्या कोंडवाड्यात, ‘मालक न्यायला येणार आहेत’ अशी खूणचिठ्ठी असतानाही, चुकून त्याला मारण्यात आलं होतं. घरच्यांनी भावनिक मूल्य मागितलं, नाकारलं गेलं. आणि याच न्यायालयानं १९६३ मध्ये आगीत जळालेल्या घराण्याच्या वस्तूंना, त्यात पणजीच्या हातची एक दुलईसुद्धा होती, भावनिक मूल्य दिलं होतं. दुलईसाठी रडलेलं कायद्याला कळतं आणि कुत्र्यासाठी रडलेलं कळत नाही, हे मला पटत नाही, आणि पटेल असं वाटतही नाही.

शेजाऱ्याच्या गोळीचंच सरळ उदाहरण विस्कॉन्सिनचं आहे. रसीन शहरात १९९९ मध्ये डकोटा नावाच्या कुत्र्याला समोरच्या घरात राहणाऱ्या पोलिसानं गोळी घातली. दोन दिवसांनी डकोटा गेला. ती बातमी ऐकून त्याची मालकीण कोसळली, तिला डॉक्टरकडे न्यावं लागलं. २००१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं लिहिलं की कुत्र्याला नुसती मालमत्ता म्हणणं हे माणूस आणि कुत्रा यांच्या नात्याला पुरं पडत नाही. मालकिणीच्या मानसिक आघाताची भरपाई मात्र त्यांनी नाकारली. ही सवलत दिली तर तिला शेवट कुठे, ही त्यांची भीती.

दार थोडं उघडतं ते हेतू सिद्ध झाल्यावर. फ्लोरिडात एका कचरा नेणाऱ्या माणसानं साखळीला बांधलेल्या हायडी या छोट्या डॅक्सहुंडवर कचऱ्याचा डबा फेकला आणि हसत निघून गेला. हायडी मेली. १९६४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हायडीच्या मालकिणीच्या मानसिक यातनांची भरपाई मान्य केली, कारण कृत्यात दुष्टावा होता. कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये असंच झालं: शेजाऱ्यानं रोमिओ नावाच्या पिटुकल्या कुत्र्याला बॅटनं मारलं होतं, आणि मुद्दाम केलेल्या अशा इजेसाठी मालकांच्या मनस्तापाचीही भरपाई मागता येते, असं अपील न्यायालयानं ठरवलं. त्या राज्याच्या १८७२ च्या दिवाणी संहितेतच तरतूद आहे की कोणाच्या जनावराला जाणूनबुजून इजा केली तर शिक्षा म्हणून जादा रक्कमही लावता येते. आणि जनावर वाचलं तर? २०११ मध्ये कॅलिफोर्नियातच पम्किन नावाच्या मांजराचा निकाल लागला. कुंपणावर बसलेलं असताना त्याला छर्रा लागला होता, उपचारांना हजारो डॉलर लागले होते, आणि बाजारात त्याची किंमत शून्याच्या आसपास. उपचाराचा वाजवी खर्च मागता येतो, बाजारभाव आड येत नाही, असं न्यायालय म्हणालं. टेनेसीनं तर २००० सालीच टी-बो नावाच्या कुत्र्याच्या मृत्यूनंतर कायदा केला. आज त्याखाली सोबत हरपल्याबद्दल ५,००० डॉलरपर्यंत मिळू शकतात.

शेजाऱ्याचा बचावही ऐकला पाहिजे. शंभर मेंढरं गमावलेल्या हॉर्न्सबीची चीड खोटी नव्हती. मिसूरीत आजही मेंढरांना मारताना, जखमी करताना किंवा त्यांच्यामागे लागलेला कुत्रा प्रत्यक्ष पाहिला तर त्याला मारण्याची मुभा आहे. पुष्कळ राज्यांत अशी कलमं आहेत. अंगावर धावून आलेल्या कुत्र्यापासून स्वतःला वाचवणंही रास्त धरतात. पण नुसता अंगणात आला, फुलझाडं उकरली, रात्री भुंकला, एवढ्यावर गोळी घालायचा अधिकार मिळत नाही. म्हणून अशा खटल्यात सगळा भर एका क्षणावर येतो: बंदूक उचलली त्या वेळी कुत्रा नेमकं काय करत होता?

दिवाणी दाव्याबरोबर फौजदारी बाजू आहे. २०१४ मध्ये साउथ डकोटा सामील झाल्यापासून पन्नासही राज्यांत प्राण्यांवरच्या क्रूरतेचे गंभीर प्रकार मोठे गुन्हे मानले जातात, आणि २०१६ पासून एफबीआय या गुन्ह्यांची वेगळी नोंद ठेवते. वस्तीत बंदूक झाडणं हा बहुतेक ठिकाणी स्वतंत्र गुन्हा आहे. तिथे राहणाऱ्या मराठी घरांनी हेही लक्षात ठेवावं की लहान रकमेच्या दाव्यांसाठी वकील लागतोच असं नाही. टेक्सासमध्ये अशा दाव्यांची मर्यादा २०,००० डॉलर आहे, कॅलिफोर्नियात १२,५००.

आपल्याकडे काय? १८६० च्या दंडसंहितेत दहा रुपये किमतीचं जनावर मारलं तर दोन वर्षांपर्यंत, आणि पन्नास रुपयांचं किंवा त्याहून महाग असेल तर पाच वर्षांपर्यंत कैद होती. ड्रमच्या काळातला पन्नासाचा आकडा आपल्याही कायद्यात होता, आणि तो २०२४ पर्यंत टिकला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नं किमतीची अट काढून टाकली. आता कोणतंही जनावर मारणं, विष घालणं, लुळं करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हा फार मोठा बदल आहे आणि त्याची पुरेशी चर्चा झालेली नाही. शेजारी उभा आहे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, ज्याच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. जुन्या जमान्यातले रुपये, आजही तेच. संसदेनं हे आकडे बदलायलाच हवेत.

म्हणून, आपल्याकडे शेजाऱ्यानं कुत्रा मारल्याचा प्रसंग कोणावर आलाच तर कुत्र्याला घाईनं पुरू नका. दुःखात पहिला विचार तोच येतो, आणि सगळा पुरावा त्याच्याबरोबर मातीत जातो. पशुवैद्याकडून शवविच्छेदन करून घ्या, गोळी किंवा छर्रे बाहेर काढून त्यांची लेखी नोंद मागा, कुत्रा पडला त्या जागेचे फोटो काढा, ज्यांनी आवाज ऐकला त्यांची नावं लिहून ठेवा, जवळपासचं सीसीटीव्ही चित्रण पुसलं जाण्याआधी मागून घ्या. लसीकरणाचं कार्ड, नोंदणीची पावती, दवाखान्याची बिलं जपा. पोलीस ठाण्यात कलम ३२५ खाली गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरा, पन्नास रुपयांच्या कलमावर बोळवण होऊ देऊ नका. कलम ३२५ चा गुन्हा दखलपात्र आहे. ठाण्यात नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जा. शेजाऱ्याकडे परवान्याची बंदूक असेल तर शहरात पोलीस आयुक्तांकडे, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज द्या. परवाना स्थगित किंवा रद्द करण्याचा अधिकार त्यांच्याकडे आहे.