चेरीचा पाक आणि औषधाची कसोटी

मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगावर युरेथेन नावाचे एक औषध जवळजवळ वीस वर्षे दिले जात होते. १९४७ साली स्वीडनमधील नील्स आल्वाल यांनी एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. त्या रुग्णाच्या रक्तातील वाढलेले प्रथिन युरेथेनने उतरले, हिमोग्लोबिन चढले आणि मज्जेतील रोगट पेशीही कमी झाल्या. हाती दुसरे काहीच नसलेल्या डॉक्टरांनी हे औषध उचलून धरले, यात नवल नव्हते. रुग्णांना मळमळ होई, अन्नावरची वासना उडे. पण कर्करोगावरचे औषध म्हटले की एवढे सोसावेच लागणार, अशी समजूत होती. औषध जितके कडू तितके गुणकारी, ही भावना पूर्वेइतकीच पश्चिमेतही मुरलेली आहे.

१९६६ साली अमेरिकेतील जेम्स हॉलंड आणि त्यांचे सहकारी यांनी एका चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. ८३ रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, दोन गट पाडण्यात आले होते. एका गटाला युरेथेन मिळाले आणि दुसऱ्याला चेरी व कोला यांच्या चवीचा नुसता पाक. दोन्ही गटांत सुधारणेचे प्रमाण सारखेच निघाले. आयुर्मानाचा हिशेब तर उलटाच होता : युरेथेन घेणारे रुग्ण लवकर दगावले. वीस वर्षे ज्या औषधाने गुण येतो असे मानले गेले, त्यापेक्षा गोड पाण्याचा घोट बरा ठरला.

मग या वीस वर्षांतले डॉक्टर काय पाहत होते? ते खोटे बोलत नव्हते, हे आधी नमूद केले पाहिजे. या रोगाची चालच फसवी आहे. शरीरात प्रतिद्रव्ये तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशींपैकी एकीचाच वंश बेसुमार वाढतो आणि एकाच साच्याचे निरुपयोगी प्रथिन रक्तात ओतत राहतो. हाडे पोखरली जातात, मूत्रपिंडे तुंबतात, रक्त कमी होते. परंतु ही घसरण सरळ रेषेत होत नाही. मध्येच महिनोन्‌महिने रोग दबून राहतो. या रोगाचा सर्वांत प्रसिद्ध आरंभीचा रुग्ण म्हणजे टॉमस मॅकबीन हा लंडनचा व्यापारी. त्याच्या लघवीतील प्रथिनाचे परीक्षण हेन्री बेन्स जोन्स यांनी केले, म्हणून ते प्रथिन आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. १८४५ च्या वसंतात मॅकबीनला लोह आणि क्विनाइन देण्यात आले. त्याला इतके बरे वाटले की, उन्हाळ्यात तो स्कॉटलंडच्या टेकड्यांवर सोबत्यांच्या बरोबरीने हिंडला. १ जानेवारी १८४६ रोजी त्याचा मृत्यू झाला. लोह आणि क्विनाइन यांनी मायलोमा हटत नाही, हे आज ठाऊक आहे. पण त्या उन्हाळ्यात एखाद्याने मॅकबीनची हकिकत छापली असती, तर क्विनाइनचाही युरेथेन झाला असता.

चाचणीतील ‘दुसऱ्या गटा’ची गरज नेमकी येथे आहे. एका गटाला नवे औषध द्यायचे आणि दुसऱ्याला नाकारायचे, हे अनेकांना निर्दयपणाचे वाटते. नवे औषध चांगलेच आहे हे आधीच ठाऊक असेल, तर तो निर्दयपणा होईलही. पण तेच तर ठाऊक नसते. १९६९ मध्ये रेमंड अलेक्झानियन यांच्या गटाने १८३ रुग्णांवरील चाचणीतून दाखवले की, मेल्फलानला प्रेडनिसोनची जोड दिल्यास नुसत्या मेल्फलानपेक्षा आयुष्य सुमारे सहा महिन्यांनी वाढते. सहा महिने ही मोठी मिळकत नव्हे, पण ती खरी होती. ही जोडी पुढे कित्येक दशके टिकली.

तुलनेवाचून काहीच कळत नाही, असेही मात्र नाही. थॅलिडोमाइड या गोळीने १९६१ पर्यंत जगभर हजारो बालके अपंग जन्माला आली. तीच गोळी १९९९ साली अमेरिकेतील आर्कन्सॉ येथे ८४ मायलोमा रुग्णांना देण्यात आली. त्यांतील बहुतेकांचा रोग तीव्र रसायनोपचारानंतरही उलटला होता. तेथे दुसरा गट नव्हता. तरी सुमारे एकतृतीयांश रुग्णांतील प्रथिन घटले. इतक्या मुरलेल्या रोगात असे आपोआप घडत नाही, म्हणून हा पुरावा वजनदार होता. तरीही तो औषधाच्या परिणामाचा पुरावा होता. आयुष्य किती वाढले, याचा नव्हे. या दोन गोष्टी एक नव्हेत, हे ज्यांना पटत नसेल त्यांनी त्यापुढच्या दशकातील एक चाचणी पाहावी.

मेयो क्लिनिकमधील डॉ. विन्सेंट राजकुमार यांच्या नेतृत्वाखाली ४४५ नव्या रुग्णांना लेनालिडोमाइड देण्यात आले. सोबतीला एका गटाला डेक्सामेथासोनची रूढ, मोठी मात्रा मिळाली, तर दुसऱ्याला बरीच कमी. मोठ्या मात्रेच्या गटात ७९ टक्के रुग्णांचा रोग चार फेऱ्यांत ठळकपणे हटला. कमी मात्रेच्या गटात हे प्रमाण ६८ टक्के होते. प्रयोगशाळेचा कौल स्पष्ट होता. परंतु एका वर्षाअखेर कमी मात्रेच्या गटातील ९६ टक्के रुग्ण हयात होते आणि मोठ्या मात्रेच्या गटातील ८७ टक्के. चाचणी थांबवून मोठ्या मात्रेच्या रुग्णांना कमी मात्रेवर आणण्यात आले. २०१० मध्ये हे निष्कर्ष सविस्तर प्रसिद्ध झाले. प्रथिन उतरत होते आणि माणूस मरत होता. वेनेटोक्लॅक्सच्या २९१ रुग्णांवरील चाचणीतही तेच दिसले. हे औषध घेणाऱ्यांचा रोग २२.४ महिने आटोक्यात राहिला, न घेणाऱ्यांचा ११.५ महिने, मात्र मृत्यू पहिल्या गटात १९४ पैकी ४१ आणि दुसऱ्यात ९७ पैकी ११. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला त्याबाबत इशारा द्यावा लागला.

ही उदाहरणे आता आठवण्याचे कारण वेगळे आहे. नवी औषधे इतकी प्रभावी ठरली आहेत की, त्यांची परीक्षाच लांबत चालली आहे. डॅराटुमुमॅबच्या ७३७ रुग्णांवरील चाचणीत ते औषध मिळालेल्या गटात रोग पुन्हा डोके वर काढण्याचा मध्यमान काळ ६१.९ महिने निघाला, म्हणजे पाच वर्षांहून अधिक. आयुर्मानाचा निकाल त्याहून दूर. तोवर आजच्या रुग्णाने वाट पाहायची काय? यावर तोडगा म्हणून एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने १२ विरुद्ध ० मतांनी एका नव्या निकषाला अनुकूलता दर्शवली. उपचारानंतर मज्जेतील एक लाख पेशींत एकही रोगट पेशी सापडू नये, हा तो निकष. अशा पुराव्यावर औषधाला त्वरित, पण सशर्त मान्यता मिळू शकेल.

निकष बारीक आहे आणि रुग्णांची घाई रास्त आहे. दहा वर्षे थांबा, असे सांगणे सोपे. ते ऐकणाऱ्याजवळ दहा वर्षे नसतात. तथापि ‘सशर्त’ या शब्दातच सारी मेख आहे. बाजारात आलेल्या औषधाची चाचणी शेवटास नेण्याचा उत्साह कोणाला उरतो? मेल्फ्लुफेन या औषधाला फेब्रुवारी २०२१ मध्ये अशीच त्वरित मान्यता मिळाली होती. त्याची पुढची मोठी चाचणी मात्र पूर्ण झाली, आयुर्मानाचा कौल विरुद्ध गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते अमेरिकी बाजारातून मागे घेण्यात आले. येथे पद्धत यशस्वी झाली, कारण दुसऱ्या गटाची मोजणी कोणी थांबवली नव्हती. नवा निकष स्वीकारायचा, तर मृत्यूंची नोंद शेवटपर्यंत ठेवणे आणि ती प्रसिद्ध करणे हे औषध कंपनीच्या मर्जीवर सोडता येणार नाही.

दुसरा प्रश्न गरीब रुग्णाचा आहे आणि तो भारताला अधिक जवळचा आहे. महागडे औषध मिळण्याचा एकमेव मार्ग चाचणीतूनच जात असेल, तर संमतिपत्रावरची सही किती मोकळ्या मनाने होते? शिवाय ज्या गटाला ते औषध मिळत नाही, त्याला निदान आजचा उत्तम उपलब्ध उपचार मिळाला पाहिजे, जुना व स्वस्त नव्हे. नाहीतर नवे औषध जिंकणार हे आधीच ठरलेले असते. रोग उलटल्यावर त्यांना नवे औषध दिले जाणार की नाही, हेही आरंभीच लिहिलेले हवे. भारतात १५ जून २००९ पासून प्रत्येक औषध-चाचणीची नोंद सरकारी नोंदवहीत करणे बंधनकारक आहे आणि ती नोंद कोणालाही पाहता येते. तुलनेसाठी कोणते औषध दिले जाणार, याचा रकाना तीत असतो. रुग्णाच्या घरातील एखाद्या लिहित्या-वाचत्या माणसाने सही होण्यापूर्वी तो वाचून घ्यावा आणि समजला नाही तर डॉक्टरांना विचारावा.