स्टेनोसिस : शरीरातल्या वाटा अरुंद होतात तेव्हा

शरीरातली एखादी नळी, झडप किंवा पोकळी नेहमीच्या मापापेक्षा अरुंद झाली आणि तशीच राहिली, की वैद्यकात त्याला स्टेनोसिस म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'अरुंद' एवढाच. त्यामुळे एकट्या शब्दावरून फारसे काही कळत नाही. मागे अवयवाचे नाव लागले की आजार कळतो: मायट्रल स्टेनोसिस हृदयाच्या झडपेचा, पायलोरिक जठराच्या खालच्या तोंडाचा, लंबर कमरेच्या मणक्यांतला.

दम्यात श्वासनलिका आवळतात आणि औषधाने मोकळ्या होतात. त्याला स्टेनोसिस म्हणत नाहीत. वाट जन्मतःच तयार झाली नसेल तर ती अट्रेझिया. मूत्रमार्ग जुन्या जखमेच्या व्रणाने आक्रसला तर डॉक्टर बहुधा स्ट्रिक्चर म्हणतात आणि महाधमनी जन्मतः अरुंद असेल तर कोआर्क्टेशन. या शेवटच्या दोन शब्दांमागे तर्क कमी, वैद्यकाची जुनी सवय जास्त आहे.

थोड्याशा अरुंदपणाने एवढे काय बिघडते, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे डॉक्टर प्वाझॉय यांनी काचेच्या बारीक नळ्यांवर प्रयोग करून दिले. दाब तोच ठेवून नळीची त्रिज्या निम्मी केली, तर प्रवाह निम्मा न होता सोळाव्या हिश्शावर येतो. शरीरात हिशेब इतका सरळ नसतो. हृदय जास्त जोर लावते, पुढच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि कित्येक वर्षे माणसाला काही जाणवतही नाही.

मायट्रल झडपेचेच पाहा. निरोगी झडप उघडली की 4 ते 6 चौरस सेंटिमीटरची वाट मोकळी होते. ती दीड चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी झाली, तर आजार तीव्र समजतात. भारतात याचे मुख्य कारण म्हणजे लहानपणीचा संधिवाताचा ताप. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंनी घसा धरतो, त्यांच्याशी लढणारी प्रतिकारशक्ती झडपेवरही उलटते आणि पुढच्या काही वर्षांत झडपेच्या पाकळ्या कडेने एकमेकींना चिकटत जातात. उरते ती माशाच्या तोंडासारखी फट. मागे तुंबलेल्या रक्ताचा दाब फुप्फुसांवर येतो. जिना चढताना दम लागतो, आडवे पडले की धाप लागते. गरोदरपणात रक्ताचे प्रमाण बरेच वाढते, म्हणून अनेक स्त्रियांचा आजार तेव्हाच पहिल्यांदा उघडकीला येतो.

1925 मध्ये लंडनच्या हेन्री साउटर यांनी एका तरुण मुलीच्या धडधडत्या हृदयात बोट घालून ही झडप मोकळी करायचा प्रयत्न केला. मुलगी वाचली, तरीही पुढे अशा शस्त्रक्रियेसाठी त्यांच्याकडे दुसरा रुग्ण कोणी पाठवला नाही. ही शस्त्रक्रिया रुळायला 1948 साल उजाडावे लागले, तेही अमेरिकेत. 1980च्या दशकात जपानचे कांजी इनोए यांनी मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडण्याची पद्धत काढली. छाती न उघडता होणारा हा उपाय भारतात मोठ्या प्रमाणावर वापरला जातो.

पायलोरिक स्टेनोसिस हा तान्ह्या बाळांचा आजार; मुलींपेक्षा मुलग्यांत बराच अधिक. साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात बाळ दूध प्यायल्यावर जोरात, लांब उडणारी उलटी करते. उलटीत हिरवे-पिवळे पित्त नसते आणि बाळाला लगेच पुन्हा भूक लागते. जठराच्या तोंडाचा स्नायू जाड झालेला असतो. तो वरून चिरायचा आणि आतले अस्तर शाबूत ठेवायचे, ही रामस्टेट यांची शंभर वर्षांपूर्वीची शस्त्रक्रिया आजही तशीच केली जाते.

उतारवयात कण्याची पोकळी अरुंद होते: चकती बाहेर येते, अस्थिबंध जाडावतात, हाड वाढते. आपल्याकडे कंबरदुखीला सरसकट 'मणक्यात गॅप पडली' म्हणतात. इथे प्रकार नेमका उलटा असतो. थोडे चालले की पाय जड आणि बधिर होतात, बसले किंवा पुढे वाकले की बरे वाटते. म्हणूनच असा माणूस चार पावलांना थांबतो, पण सायकल मजेत चालवतो. मात्र काहीही त्रास नसलेल्या पुष्कळ ज्येष्ठांच्या एमआरआयमध्येही हा अरुंदपणा दिसतो. नुसत्या फोटोवरून शस्त्रक्रियेला निघणे शहाणपणाचे नाही.

हृदयाच्या रक्तवाहिन्यांत याच अरुंदपणाला लोक 'ब्लॉक' म्हणतात. त्यामुळे वेगळाच घोळ होतो, कारण डॉक्टरांच्या भाषेत 'हार्ट ब्लॉक' हा हृदयाच्या विद्युतसंदेशातला बिघाड असतो. टक्केवारीही जपून वाचावी लागते. 50 टक्के स्टेनोसिस म्हणजे सहसा व्यास निम्मा झालेला असतो. गोल नळीचे क्षेत्रफळ तेव्हा 75 टक्क्यांनी घटलेले असते.

अशी धमनी फुग्याने रुंद करण्याचा पहिला प्रयोग आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी 1977 मध्ये झुरिकला यशस्वी केला. पण बऱ्याच रुग्णांची धमनी काही महिन्यांतच पुन्हा आक्रसू लागली. हा रीस्टेनोसिस टाळायला धातूच्या जाळीची नळी आली, ती स्टेंट. ऐकायला सारखे वाटले तरी त्या नावाचा स्टेनोसिसशी संबंध नाही. ते चार्ल्स स्टेंट या इंग्रज दंतवैद्याचे आडनाव आहे. पुढे औषधाचा लेप असलेल्या स्टेंटमुळे पुन्हा आक्रसण्याचे प्रमाण खूप घटले. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका मात्र असतो. म्हणून ती रोखणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नयेत.